देवमासे व डॉल्फिन : उगम आणि क्रमविकास

स्तनी वर्गाच्या सिटॅसिया या गणात देवमासे, डॉल्फिन आणि शिंशुक यांचा समावेश होतो. या गणाच्या हयात असलेल्या जाती नव्वदांहून थोड्या अधिक असून त्यांचे दोन उपगण पाडतात : दात असलेले (ओडोंटोसेटी) आणि दातांऐवजी वरच्या जबड्यात केराटिनाच्या चाळणीसारख्या पट्ट्या (बलीन) असलेले (मिस्टिसेटी). दुसऱ्या उपगणात जेमतेम पंधराएक जाती आहेत. पण निळा देवमासा याच उपगणातील होय. त्याची लांबी ३० मी.पर्यंत भरत असून आजवरच्या ज्ञात प्राण्यांत सर्वांत मोठा असा त्याचा लौकिक आहे.

मराठी नावात ‘मासा’ हा शब्द असला, तरी हे प्राणी मासे नव्हेत. ते फुप्फुसांनी श्वसन करतात, त्यांचे रक्त उष्ण असते आणि पिलू जन्मल्यावर मादी त्याला अंगावर पाजते. या गोष्टी ॲरिस्टॉटल यांना माहीत होत्या. तरीही पुढे सु. दोन हजार वर्षे त्यांची गणना माशांतच होत राहिली. कार्ल लिनीअस यांनी आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत (१७५८) त्यांना स्तनी प्राण्यांत घातले. वर्गीकरणाचा एक प्रश्न त्यामुळे सुटला आणि त्याहून अवघड असा दुसरा उभा राहिला. स्तनी प्राणी जमिनीवर विकसित झाले. मग ज्यांना मागचे पाय नाहीत, केस जवळजवळ नाहीत, नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर आहेत आणि जे पाण्याबाहेर जगूच शकत नाहीत, असे हे स्तनी कोणत्या चतुष्पादांपासून निर्माण झाले?

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये तोंड उघडे ठेवून पोहत पाण्यातले कीटक टिपणाऱ्या अस्वलाचे उदाहरण देऊन असा बदल कल्पनेत कसा बसतो, हे दाखविण्याचा प्रयत्न केला. त्यावर इतकी टीका झाली की, पुढील आवृत्त्यांत त्यांनी तो मजकूर आखडता घेतला. अस्वल चुकीचे होते. पण प्रश्न मांडण्याची रीत चुकीची नव्हती. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी १८८३ मध्ये देवमाशांचे नाते मांसाहारी प्राण्यांशी नसून खुरी प्राण्यांशी असावे, असे मत मांडले. १९५० मध्ये ॲलन बॉयडन आणि डग्लस जेमेरॉय यांनी रक्तरसातील प्रथिनांच्या अवक्षेपण कसोट्या घेऊन देवमासे हे समखुरी प्राण्यांना (म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, उंट यांच्या गणाला) सर्वांत जवळचे असल्याचे दाखविले. या निष्कर्षाकडे पुराजीववैज्ञानिकांनी फारसे लक्ष दिले नाही. लेह व्हॅन व्हेलन यांनी १९६६ मध्ये मेसोनिकिड या लुप्त, खूर असलेल्या पण मांसाहारी प्राण्यांचे दात प्राचीन देवमाशांच्या दातांसारखे असल्याचे दाखवून दिले आणि पुढे तीसएक वर्षे हेच मत प्रमाण मानले गेले.

प्राचीन देवमाशांचे पहिले अवशेष : उत्तर अमेरिकेत सापडलेल्या प्रचंड मणक्यांवरून रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये बॅसिलोसॉरस, म्हणजे ‘सरड्यांचा राजा’, असे नाव दिले, तो सागरी सरीसृप असावा असा त्यांचा समज होता. १८३९ मध्ये रिचर्ड ओएन यांनी त्याचे दोन मुळांचे दात पाहून तो स्तनी असल्याचे ओळखले. नामकरणाच्या नियमांमुळे जुने नावच कायम राहिले आणि एक देवमासा आजही सरड्याचे नाव मिरवीत आहे. बॅसिलोसॉरस १५ मी.हून लांब, सर्पासारख्या लांबट देहाचा आणि पूर्णपणे जलचर होता. ईजिप्तमधील वादी अल् हितान या वाळवंटी दरीत त्याचे व त्याच्याहून लहान अशा डोरूडॉनचे सांगाडे मोठ्या संख्येने उघडे पडले आहेत. तेथेच फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बॅसिलोसॉरसचे मागचे पाय मिळाले (१९९०). मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी, घोटा आणि बोटे एवढे सारे त्यांत होते; मात्र एवढ्या मोठ्या देहाला त्या चिमुकल्या पायांचा चालण्यासाठी काही उपयोग नव्हता. ही दरी २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बॅसिलोसॉरस हा मार्गाचा शेवट दाखवीत होता. प्रारंभ मिळाला तो भारतीय उपखंडात.

टेथिसच्या किनाऱ्यावर : इओसीन कालखंडात (सु. ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) भारतीय भूखंड आशियाला भिडत होता आणि दोहोंमधील टेथिस समुद्र उथळ होत आटत चालला होता. आजच्या पाकिस्तानातील व वायव्य भारतातील टेकड्यांत, तसेच कच्छमध्ये त्याच्या किनाऱ्यावरील गाळाचे थर दिसतात. अशोक सहानी आणि विजयप्रकाश मिश्रा यांनी १९७० नंतरच्या दशकात कच्छमधील हारुडी व बाबिया टेकडी या परिसरांतून प्राचीन देवमाशांचे अवशेष गोळा करून १९७५ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष या प्रदेशाकडे वळले ते त्यानंतर काही वर्षांनी.

१९८१ मध्ये गिंगरिच आणि डोनल्ड रसेल यांनी पाकिस्तानातील कोहाट भागातून मिळालेल्या एका कवटीच्या मागच्या भागास पाकिसेटस असे नाव दिले. तिचे वय सु. ५ कोटी वर्षे आहे. लांडग्याएवढ्या या प्राण्याला देवमासा म्हणण्याचे कारण त्याच्या कानात आहे. देवमाशांत मध्यकर्णाला वेढणाऱ्या शिंपल्यासारख्या अस्थीची आतली कड विलक्षण जाड व घट्ट असते. तिला इन्व्होल्यूक्रम म्हणतात. हयात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही स्तनी प्राण्यात ती आढळत नाही. पाकिसेटसमध्ये मात्र ती स्पष्ट आहे. कवटीखेरीज काही हाती नसताना तेव्हाच्या चित्रकाराने पाकिसेटस पाण्यात सूर मारताना दाखविला. वीस वर्षांनी, २००१ मध्ये, हान्स थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या सांगाड्याचे वर्णन केले, तेव्हा चार सडपातळ लांब पाय असलेला चतुष्पाद समोर आला. त्याच्या हाडांच्या भिंती मात्र नेहमीपेक्षा जाड आहेत. अशी जड हाडे उथळ पाण्यात तळाशी उभे राहण्यास वा चालण्यास उपयोगी पडतात. तो गोड्या पाण्याच्या ओढ्यांत वावरत असावा, असे दातांतील ऑक्सिजन समस्थानिकांच्या प्रमाणावरून दिसते.

पाकिसेटसनंतरचा टप्पा म्हणजे अँब्युलोसेटस, शब्दशः ‘चालणारा देवमासा’. पंजाबातील काला चिट्टा टेकड्यांतून त्याचा सांगाडा मिळाला आणि थेविसन, एस्. टी. हुसेन व एम्. आरिफ यांनी १९९४ मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी सु. ३ मी., डोके सुसरीसारखे, मागची पावले मोठी. तो जमिनीवर येऊ शकत असे. पण पाण्यात पाठीचा कणा वरखाली वाकवून मागच्या पावलांनी पाणी मागे लोटत असे. ही वरखाली हालचाल महत्त्वाची आहे. मासा शेपटी डावीउजवीकडे हलवितो, कारण त्याचा कणा तसा वाकतो. धावणाऱ्या स्तनी प्राण्याचा कणा वरखाली वाकतो. देवमाशाने पाण्यात तीच चाल पुढे चालविली आणि म्हणूनच त्याच्या शेपटीचे पर आडवे असतात.

कच्छमध्ये मिळालेले रेमिंगटोनोसेटस, अँड्र्यूसिफियस आणि कच्छिसेटस हे लांब तुंडाचे, लहान डोळ्यांचे प्राणी टेथिसच्या गढूळ खाड्यांत राहत. त्यांपैकी कच्छिसेटसचे वर्णन सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० मध्ये केले. त्यांच्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका शरीराच्या मानाने फार बारीक आहेत. शरीराचा तोल आणि मानेची हालचाल यांची जाणीव करून देणाऱ्या या नलिका सर्वच देवमाशांत खुजावलेल्या असतात; निळ्या देवमाशातील नलिका मनुष्याच्या नलिकांपेक्षाही लहान आहेत. पाण्यात गिरक्या घेणाऱ्या, मान आखूड झालेल्या प्राण्याला जमिनीवरचे तोलयंत्र नकोसे झाले असावे आणि हा बदल देवमाशांच्या इतिहासात फार लवकर घडून आला, असा निष्कर्ष २००२ मध्ये काढण्यात आला.

याच्या पुढचे प्रोटोसेटिड प्राणी खऱ्या अर्थाने समुद्रात उतरले. बलुचिस्तान व लगतच्या प्रदेशातील रोडोसेटस आणि मायासेटस हे त्यांतले प्रसिद्ध होत. मायासेटसच्या एका मादीच्या सांगाड्यात गर्भाचे अवशेष असून त्याचे डोके जन्ममार्गाच्या दिशेला आहे (२००९). आजच्या देवमाशांची पिले बहुधा शेपटीकडून जन्मतात. डोके आधी येणे ही जमिनीवर विणाऱ्या प्राण्यांची रीत आहे. पेरूमध्ये मिळालेला चार पायांचा पेरेगोसेटस (२०१९) दाखवितो की, सु. ४.३ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

हाडे आणि रेणू यांचा वाद : जीवाश्मांची ही मालिका जुळत असताना प्रयोगशाळांतून वेगळाच आवाज येत होता. नोरिहिरो ओकादा यांच्या जपानी गटाने देवमाशांच्या आणि इतर स्तनी प्राण्यांच्या डीएनएमध्ये इकडून तिकडे जाऊन बसणाऱ्या लहान तुकड्यांचा शोध घेतला. असा तुकडा एकदा एखाद्या जागी बसला की तेथेच राहतो आणि दोन भिन्न वंशांत तो नेमक्या त्याच जागी योगायोगाने बसण्याचा संभव अत्यल्प असतो. म्हणून समान जागी बसलेला तुकडा हा समान पूर्वजाचा जवळजवळ निर्विवाद पुरावा ठरतो. १९९७ व १९९९ मधील या कामातून देवमासे समखुरी गणाच्या बाहेरचे नसून त्याच्या पोटातच आहेत आणि त्यांचा सर्वांत जवळचा हयात नातलग पाणघोडा आहे, असे निष्पन्न झाले. पुराजीववैज्ञानिकांना हे मान्य होईना. त्यांच्या हाती मेसोनिकिडांचे दात होते.

निवाडा दातांनी नव्हे, तर घोट्याने केला. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील ॲस्ट्रॅगॅलस ही अस्थी वर आणि खाली अशी दोन्हीकडे कप्पीसारखी खोबणीदार असते. बकऱ्याच्या घोट्यातील ही अस्थी जगातील अनेक देशांत खेळण्यातले फासे म्हणून वापरली गेली आहे. मेसोनिकिडांत ती तशी नाही. २००० मध्ये बलुचिस्तानात गिंगरिच यांच्या तुकडीला रोडोसेटस व आर्टिओसेटस यांच्या घोट्याच्या अस्थी कवटीच्या जोडीने मिळाल्या आणि त्या दुहेरी कप्पीच्या निघाल्या. सप्टेंबर २००१ मध्ये एका दिवसाच्या अंतराने गिंगरिच आणि थेविसन या दोघांच्याही गटांचे लेख प्रसिद्ध झाले आणि दोहोंचा निष्कर्ष एकच होता : देवमासे समखुरी प्राण्यांपासूनच निर्माण झाले. गिंगरिच हे स्वतः मेसोनिकिड मताचे पुरस्कर्ते होते. समोर आलेल्या अस्थीवरून त्यांनी ते सोडून दिले. तसेच रोडोसेटसला शेपटीचे पर असावेत हे आपले पूर्वीचे अनुमानही मागे घेतले. आधुनिक पुराजीवविज्ञानात इतक्या स्वच्छपणे मिटलेले वाद थोडेच आहेत.

यानंतर उरलेला दुवा काश्मीरमधून आला. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगराव यांनी राजौरी जिल्ह्यातील कालाकोट येथील खडकांतून मिळालेल्या काही दातांवरून व जबड्याच्या तुकड्यावरून १९७१ मध्ये इंडोह्यूस या प्राण्याचे वर्णन केले होते. त्यांनी जमविलेले बरेचसे दगड न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर ते दगड पत्नीने थेविसन यांच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत दगडातून कवटी मोकळी करताना कानाजवळची अस्थी चुकून तुटली आणि तुटलेल्या जागी जाड कड दिसली : तोच इन्व्होल्यूक्रम. मांजराएवढा, हरणासारख्या बांध्याचा हा समखुरी प्राणी देवमाशांचा सख्खा शेजारी ठरला. थेविसन, बाजपेयी, बी. एन्. तिवारी इत्यादींनी २००७ मध्ये हा शोध जाहीर केला. इंडोह्यूसची हाडेही जाड भिंतीची आहेत. त्यावरून असे दिसते की, देवमाशांचे पूर्वज मांसाहारी बनण्यापूर्वीच पाण्यात शिरू लागले होते. भक्ष्याच्या मागे नव्हे, तर बहुधा भक्षकांपासून लपण्यासाठी. आपल्याकडील पिसोरीचा आफ्रिकेतील नातलग आजही संकट येताच पाण्यात बुडी मारून बसतो.

पाणघोड्याशी नाते जवळचे असले, तरी देवमासा पाणघोड्यापासून निर्माण झाला असे म्हणणे चूक होय. पाणघोड्याच्या कुलाचे जीवाश्म सु. २ कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत. दोघांचा समान पूर्वज त्याच्या कितीतरी आधीचा आहे. दोघांची केसविरहित कातडी हाही वारसा नसावा. दोन्ही वंशांत ती स्वतंत्रपणे आली असावी, असे २०२१ मधील जनुकीय व ऊतकीय अभ्यासावरून दिसते.

गर्भातील साक्ष : डॉल्फिनच्या गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास मागच्या पायांचे अंकुर दिसतात आणि नंतर जिरून जातात. थेविसन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, अवयवाची वाढ पुढे नेणारे ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक या अंकुरात कार्यान्वित होत नाही. क्वचित हा लोप अपुरा राहतो : १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ मारलेल्या हंपबॅक मादीला मीटरभराहून लांब असे मागच्या पायांचे अवशेष होते, तर २००६ मध्ये जपानमध्ये मागे परांची आणखी एक जोडी असलेला डॉल्फिन पकडला गेला. बलीनधारी देवमाशांच्या गर्भात दातांचे अंकुर असतात, हे एत्येन जॉफ्रॉय सेंट हिलेअर यांनी १८०७ मध्येच नोंदविले होते. त्यांच्या जनुकसंघात दंतवल्क बनविणारी जनुकेही आहेत. पण ती निकामी झालेली आहेत.

एकूण ८५ जनुके जलवासाच्या काळात देवमाशांनी गमावली, असे २०१९ मधील एका तौलनिक अभ्यासात आढळले. लाळ निर्माण करण्याशी, रक्त गोठण्याशी आणि मेलॅटोनिन या निद्रेशी निगडित हॉर्मोनाशी संबंधित जनुके त्यांत आहेत. हानी म्हणजे नेहमीच तोटा नव्हे. खोल बुडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात तेव्हा रक्त सहज न गोठणे हितकारक असते. आणि झोपेविषयी सांगायचे, तर डॉल्फिनच्या मेंदूचा एकेक अर्धगोल आळीपाळीने झोपतो (हे लेव्ह मुखामेतोव्ह यांनी १९७७ मध्ये मेंदूच्या विद्युत् आलेखांवरून दाखविले) व दुसरा जागा राहून श्वासासाठी पृष्ठभागावर येण्याचे काम पाहतो.

श्रवण आणि प्रतिध्वनी : सु. ३.५ कोटी वर्षांपूर्वी आजच्या दोन उपगणांचे मार्ग वेगळे झाले. दात असलेल्या गटाने प्रतिध्वनीच्या साहाय्याने पाहण्याची कला विकसित केली. हवेतील ध्वनी पकडणारा बाह्यकर्ण पाण्यात निरुपयोगी ठरतो. डॉल्फिन नाकपुडीच्या खालच्या ओठांसारख्या घड्यांतून हवा सोडून टिक्‌टिक् असे ध्वनी निर्माण करतो, कपाळावरील चरबीचा गोळा (मेलन) त्यांना एकत्र करून पुढे फेकतो आणि परतणारा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीवाटे कानापर्यंत पोहोचतो. केनेथ नॉरिस यांनी डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी टोप्या बसवून तो अडथळे चुकवीत पोहतो हे दाखविले (१९६१) आणि जबड्यातून ऐकण्याची कल्पनाही त्यांचीच. वटवाघूळ आणि डॉल्फिन यांनी ही शक्ती स्वतंत्रपणे मिळविली. तरीही आंतरकर्णातील प्रेस्टिन या प्रथिनात दोघांतही सारखेच बदल झाले असल्याचे २०१० मध्ये आढळून आले.

बुडी : स्नायूंतील मायोग्लोबिन ऑक्सिजन साठवून ठेवते. खोल बुडी मारणाऱ्या स्तनी प्राण्यांत त्याच्या रेणूंवर धन विद्युत् भार अधिक असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात व दाटीवाटीने असूनही चिकटत नाहीत. या नियमावरून लुप्त प्राण्यांच्या बुडीचा कालावधीही काढता येतो : पाकिसेटससाठी तो सु. दीड मिनिट, तर बॅसिलोसॉरससाठी सु. १७ मिनिटे येतो (२०१३). हयात प्राण्यांत क्युव्हिएचा चोचधारी देवमासा सर्वांवर मात करतो. त्याची २,९९२ मी. खोलीची बुडी २०१४ मध्ये, तर ३ तास ४२ मिनिटांची बुडी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. निळ्या देवमाशाच्या अंगावर चूषकांनी बसविलेल्या उपकरणाने २०१९ मध्ये असे दिसले की, बुडीत त्याचे हृदय मिनिटाला केवळ दोन ठोक्यांपर्यंत मंदावते आणि वर येताच तिसाहून अधिक वेगाने धडधडते.

आकारमान : बलीनधारी देवमाशांचे अवाढव्य आकारमान जुने नाही. ग्रॅहम स्लेटर आणि सहकाऱ्यांच्या मते (२०१७) १० मी.हून मोठे देवमासे सर्वसाधारण होण्याची घटना गेल्या ३० लाख वर्षांतील असून, हिमयुगांमुळे किनाऱ्यांलगत तळाचे पोषक पाणी ठराविक ऋतूंत वर येऊ लागले व अन्नाचे घनदाट पुंजके निर्माण झाले, हे तिचे कारण होय. या मताला छेद देणारा वाटावा असा शोध पेरूमध्ये लागला. पेरूसेटसचे (२०२३) मणके प्रत्येकी १०० किग्रॅ.हून जड असून त्याचे वय सु. ३.९ कोटी वर्षे आहे. त्याचे वजन प्रथम ८५ ते ३४० टन काढण्यात आले, म्हणजे निळ्या देवमाशालाही मागे टाकणारे. र्‍योसुके मोतानी आणि निकोलस पायेन्सन यांनी २०२४ मध्ये वेगळ्या पद्धतीने ते ६० ते ११४ टनांवर आणले. तेरा मणके, चार बरगड्या आणि श्रोणीचा भाग एवढ्यावरून संपूर्ण देहाचे वजन ठरविण्यात अशी तफावत पडणे स्वाभाविकच आहे.

हयात वंश : क्रमविकासाचा अभ्यास संरक्षणाशीही जोडलेला आहे. हंपबॅक देवमासे सामान्यतः ध्रुवीय समुद्र आणि उष्ण समुद्र यांच्यामध्ये ये-जा करतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र वर्षभर तेथेच राहतात. सोव्हिएट शिकारी ताफ्याने १९६५-६६ मध्ये ओमान, पाकिस्तान व भारत यांच्या किनाऱ्यांजवळ बेकायदेशीरपणे असे २४२ देवमासे मारले. ही नोंद १९९७ मध्ये यूरी मिखालेव्ह यांनी उघड केली. मारलेल्या माद्यांतील गर्भांच्या वाढीवरून त्यांचे ऋतुचक्र उत्तर गोलार्धाचे असल्याचे, म्हणजेच ते अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या समूहातील नसल्याचे दिसून आले. एका अपराधाचा तपशील अशा रीतीने विज्ञानाच्या उपयोगी पडला. २०१४ मधील जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सु. ७०,००० वर्षे इतरांपासून अलग आहे. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे.

गंगेतील सुसू डॉल्फिन हा तर एका प्राचीन कुलाचा शेवटचा अंश. गढूळ पाण्यात त्याचे डोळे भिंगाविना राहिले असून तो प्रतिध्वनीवरच अवलंबून असतो. सिंधू नदीतील त्याचा नातलग स्वतंत्र जातीचा असल्याचे २०२१ मध्ये दाखविण्यात आले. चीनच्या यांगत्से नदीतील बैजी डॉल्फिन या दोहोंसारखा दिसत असला, तरी वेगळ्या वंशाचा. २००६ मधील पाहणीत त्याचा एकही प्राणी आढळला नाही. भारताने २००९ मध्ये गंगेच्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. नद्यांतील डॉल्फिनांच्या पहिल्या देशव्यापी गणनेचा अहवाल मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांची संख्या ६,३२७ असून त्यांपैकी सिंधू नदीतील जातीचे, बियास नदीत राहणारे डॉल्फिन अवघे ३ आहेत.